नकाशा मावेल एवढी मेमरी

सांगलीच्या आमच्या तंत्रनिकेतनात पादत्राणं बाहेर काढून आत जायच्या दोनच जागा होत्या. एक आवारातलं गणपतीचं देऊळ आणि दुसरी आमची संगणक प्रयोगशाळा. देवळाबाहेर कुणाच्या चपला आहेत ते कळत नसे, पण प्रयोगशाळेबाहेर ड्रॉइंगच्या सरांच्या वहाणा दिसल्या की आत कोण बसलंय हे विचारावं लागत नसे. जाडजूड, जनावराच्या वासाच्या, चालताना कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा. पोरं त्या ओलांडून जायला बिचकायची. बाजूनं वळसा घालून जायची.

ते यांत्रिकी शाखेला ड्रॉइंग शिकवायचे. वय पन्नाशीच्या आसपास, उंच, अंगावर पांढरा शर्ट आणि खांद्यावर बारा महिने काळी घोंगडी. मूळचे आटपाडीकडचे. घर मेंढपाळांचं, घरात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. मी तेव्हा साताऱ्याहून नोकरीसाठी नुकतीच आले होते, विश्रामबागेत एक खोली घेऊन राहत होते आणि प्रयोगशाळा सांभाळत होते. ते मला बाई म्हणत. सगळ्याच शिक्षिकांना बाई म्हणत. आमच्या प्राचार्य मॅडमनासुद्धा.

डावं-उजवं हे शब्द त्यांच्याकडे नव्हते. "बाई, तुमच्या उगवतीकडची पेन्सिल द्या," असं ते म्हणायचे. चार भिंतींच्या आत, पडदे ओढलेल्या खोलीत, पंख्याखाली बसून. मी आधी गोंधळायची, मग मनातल्या मनात खिडकी, रस्ता, कृष्णेचा घाट असं करत पूर्व शोधायची आणि पेन्सिल द्यायची. वर्षभरात मलाही ती सवय लागली. आजही अनोळखी घरात झोपताना उगवत कुठं आहे हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही.

पहिल्या वर्षाच्या पोरांना ते पहिल्या तासाला वर्गात बसवतच नसत. गच्चीवर न्यायचे. "तिकडं बघा," म्हणायचे. "आभाळ जिथं टेकलंय तिथं. ती रेघ कुणी ओढली?" पोरं हसायची. ते हसत नसत. खूप वेळ त्या रेघेकडे बघत उभे राहायचे. हळूहळू पोरंही गप्प व्हायची. मग तास संपल्याची घंटा व्हायची आणि सगळे खाली यायचे. त्या पोरांच्या रेघा बाकीच्यांपेक्षा सरळ यायच्या का, मला माहीत नाही. पण ती पोरं कागदाकडे जरा जपून बघायची.

दुपारी डबा खाल्ला की ते ड्रॉइंगच्या मोठ्या टेबलावर आडवे व्हायचे. डोळे अर्धे उघडे. एकदा मी विचारलं, "सर, झोपलात का?"

"न्हाई. चाललोय."

"कुठं?"

"आता लोणंदच्या अलीकडं हाय. ऊन लागतंय, पण म्होरं पाणी हाय."

मी हळूच दार लावून घेतलं. माणूस चालत असताना मध्ये बोलू नये, असं काहीतरी वाटलं.

ते खरंच चालत असत. लहानपणी, शाळेत घालण्याआधी, ते घरच्या मेंढरांबरोबर ती वाट चालले होते. दसरा झाला की आटपाडीच्या माळावरून निघायचं, म्हसवड, दहिवडी, फलटण करत शिरवळजवळ नीरेकाठी यायचं, मग भोरवरून घाट उतरून कोकणात. पावसाच्या तोंडाला माघारी. ही वाट त्यांना कागदावर आणायची होती. वडील, चुलते आणि आत्या अशा तिघांना तिचे तीन तुकडे नीट माहीत होते. वडिलांनी आपला तुकडा अंगणात काठीनं काढून दाखवला. चुलत्यांनी कोळशानं भिंतीवर. आत्यानं नुसता तोंडी सांगितला, एकेक झाड, एकेक पाणवठा. सरांनी तिन्ही कागदावर उतरवले. घोटाळा असा की वडिलांच्या नकाशात एका दिवसाची चाल म्हणजे वीतभर, चुलत्यांच्यात बोटभर, आणि आत्याच्या हिशेबात दिवस कधी लांब, कधी आखूड. तिन्ही कागद एकमेकांना लागत नव्हते.

आणि ते लागायला हवे होते, कारण घरात भांडण पेटलं होतं. कळप आता धाकट्या भावाच्या हातात होता. आदल्या वर्षी शिरवळला कारखान्यांची कुंपणं आडवी आली म्हणून त्यानं मेंढरं हमरस्त्यावरून काढली आणि ट्रकखाली पाच-सहा मेंढरं गेली. घरी आल्यावर तो म्हणाला, वाट संपली, मी आता विकतो. आत्ती, म्हणजे आत्या, म्हणाली, वाट आहे. तो म्हणाला, दाव. आत्तीला तिथं गेल्याशिवाय दाखवता येईना आणि भाऊ पुन्हा तिथं जायला तयार होईना. मग सर मध्ये पडले. म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांब, मी दाखवतो.

म्हणून त्यांच्या वहाणा माझ्या दाराशी आल्या. एका फोटो स्टुडिओत स्कॅनर आला होता. तिथून ते तिन्ही नकाशे तुकड्या-तुकड्यानं फ्लॉपीत भरून आणत. संगणकावर तुकडा लहान-मोठा करता येतो, तिन्ही एका मापात आणता येतात, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

तुकडे सुटे उघडायचे, पण तिन्ही एकत्र उघडायला गेलं की यंत्र बराच वेळ दळण दळल्यासारखं घरघरायचं आणि शेवटी पडद्यावर चौकट यायची. मेमरी पुरत नाही.

"किती पायजे म्हणतंय?" ते विचारायचे.

"आहे त्याच्या तिप्पट तरी."

"मग आणू की."

मी यंत्र उघडून दाखवलं. मेमरीच्या पट्ट्यांसाठी चार खाचा, त्यातल्या दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. नव्या पट्ट्या घालायच्या तर एक घालून चालत नाही, जोडीच लागते, हे सांगितलं. दोन्हींचं माप एक हवं, वेग एक हवा. पट्टीची कड सोन्याचा मुलामा असलेली असेल तर खाचही तशीच हवी, कथलाची असेल तर कथलाची. आमच्या खाचा कथलाच्या होत्या. आणि आत हात घालण्याआधी लोखंडी कपाटाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. हे शेवटचं त्यांनी फार मनावर घेतलं. पुढे ते नुसतं प्रयोगशाळेत आले तरी आधी कपाटाला दोन्ही हात लावून जरा वाकायचे. पोरांना वाटायचं कपाटात देव आहे.

कॉलेजकडून काही मिळणार नव्हतं. ते एका रविवारी स्वतः पुण्याला गेले आणि दोन दुकानांतून दोन पट्ट्या घेऊन आले. धोतराच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळलेल्या. एकीची कड सोनेरी, दुसरीची रुपेरी.

"सर, ही जोडी नाही. हिचा वेग बघा साठ लिहिलाय, हिचा सत्तर. आणि ही सोनेरी आपल्या खाचेची नाही."

"दिसाय तर बरी दिसतात एकमेकींपाशी."

"दिसायचा प्रश्न नाही."

"लावून तर बघू, बाई."

लावल्या. यंत्र चालू झालं, मेमरी मोजत गेलं, सगळी मोजली. आम्ही दोघंही खूश. त्यांनी तिन्ही तुकडे उघडले, वडिलांचा तुकडा चुलत्यांच्या मापात बसवला, साठवून ठेवला आणि गुणगुणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी आले तर ते आधीच येऊन बसले होते. तोंड उतरलेलं.

"बाई, विहीर गेली."

"कुठली विहीर?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आटपाडीच्या थोडं पुढं, जिथं त्यांनी एका विहिरीचा गोल काढला होता, तिथं करड्या रेघांचा एक पट्टा होता. विजोड पट्ट्यांनी मधल्यामध्ये काहीतरी गाळलं होतं. मी समजावलं की जुन्या फ्लॉपीत विहीर शाबूत आहे, पुन्हा घेता येईल, घाबरायचं कारण नाही. ते ऐकत होते, मान हलवत होते. पण दुपारी बघते तर त्यांचे तास मोकळे आणि ड्रॉइंगच्या टेबलावर कुणी नाही. दोन दिवसांनी सकाळी आले. अंगावर धुरळा, डोळ्यांत झोप.

"कुठं गेला होतात?"

"आटपाडीला." मग जरा ओशाळून म्हणाले, "विहीर हाय. पाणी बी हाय. मी पिऊन आलो."

मला हसू आलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसू येण्यासारखं नव्हतंच. तो नकाशा आणि तो माळ यांच्यात त्यांच्या मनात कुठं कुंपण नव्हतं, आणि इकडची विहीर गेली तर तिकडची उरली असेल याची खात्री ते नुसत्या माझ्या सांगण्यावर कशी धरणार?

त्या दिवसापासून मात्र ते कडक झाले. आटपाडीच्या बाजारात मेंढरू घेताना जसं तोंड उघडून दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, चालवून बघतात, तशी ते प्रत्येक पट्टी बघू लागले. चष्मा कपाळावर सरकवून चिपांवरचे आकडे वाचायचे. शेवटचा आकडा बघायचे, कड बघायचे, दोन्ही बहिणी एकाच घरच्या आहेत का ते बघायचे. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा, जिथं म्हणून संगणकाचं दुकान होतं तिथं ते जाऊन आले. एकदा सांगलीच्या दुकानात मी बरोबर होते. दुकानदार म्हणाला, "सर, चालतंय की थोडं इकडं-तिकडं. सगळे लोक घालतात."

"लोकांची विहीर गेली तर त्यांना कळत न्हाई," ते म्हणाले आणि नमस्कार करून बाहेर पडले. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

पाऊस संपत आला. दसरा जवळ आला. कथलाच्या कडेची, एका वेगाची जोडी काही मिळेना. तेव्हा मला माझा मामेभाऊ आठवला. तो शिरवळच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होता आणि त्यांच्याकडे आमच्यासारखीच यंत्रं होती. फोन लावला तर म्हणाला, जुनी काढून नवी बसवताहेत, येऊन बघा.

आम्ही एसटीनं गेलो. साताऱ्यापुढं ते खिडकीला लागून बसले आणि बाहेर बघू लागले. सगळीकडे हिरवं-पिवळं झालेलं, गवत डोलत होतं, मधूनच पत्र्याची लांब शेड, मधूनच भिंत. शिरवळला उतरल्यावर ते कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "इथं बाभळी होत्या ओळीनं."

"मी बीडचा हाय, सायेब," पहारेकरी म्हणाला. "मला भिंतच म्हाईत."

मामेभावानं आत नेलं, भांडारप्रमुखांनी चहा पाजला आणि विचारलं, एवढ्या लांबून मेमरीसाठी का आलात. सरांनी सगळं सांगितलं. मेंढरं, वाट, आत्ती, ट्रक. त्या गृहस्थांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवत ऐकलं.

"मग तुमच्या नकाशात आमची कंपनी कुठं आहे?"

"न्हाई," सर म्हणाले. "तुमच्या जाग्यावर तळ हाय आमचा. बाभळीखाली."

मामेभावाचा चेहरा पडला. पण ते गृहस्थ उठले, मागच्या खोलीत गेले आणि स्वतः एक उघडं यंत्र घेऊन आले. "भंगारातच जाणार होतं. काढून घ्या हवं ते." सरांनी आधी कपाटाला हात लावला. मग दोन पट्ट्या काढल्या, उजेडात धरल्या आणि माझ्याकडे दिल्या. दोन्हींची कड रुपेरी, दोन्हींवर साठ, एकाच कारखान्याच्या, मागचे-पुढचे नंबर. येताना त्यांनी ते फडकं मांडीवर धरून ठेवलं होतं, आत झोपलेलं काही असावं तसं.

आत्ती आणि धाकटा भाऊ आले त्या दिवशी माझ्या दाराबाहेर तीन जोड वहाणा होत्या. आत्ती बारीक चणीची, वाकलेली, डोळे मात्र लख्ख. खुर्चीवर बसायला तिनं साफ नकार दिला आणि फरशीवर बसली.

"आत्ती, पडदा वर हाय, तुला दिसायचं न्हाई," सर म्हणाले.

"मग खाली घे की."

आम्ही मॉनिटर फरशीवर ठेवला. तिनं बघितलं आणि मान हलवली. "जमीन अशी उभी व्हय रं? जमीन आडवी असती." मग सरांनी घोंगडी अंथरली, मॉनिटर तिच्यावर हलकेच पाठीवर निजवला, काच वर करून. मी म्हटलं, तापेल. ते म्हणाले, थोडा वेळ. मग तो सरकवून-सरकवून त्याचा माथा उत्तरेला केला. पडदे ओढलेल्या त्या खोलीत ती काच एखाद्या लहान तळ्यासारखी उजळली आणि तळ्याकाठी आम्ही चौघं मांडी घालून बसलो. नकाशा वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यानं उमटत गेला. आधी कोकण, मग घाट, नीरा, फलटण, म्हसवड, आणि तळाशी माळ. विहिरीसकट.  यंत्राची घरघर थांबली.

आत्तीनं हात पुढं केला आणि बोट काचेवर ठेवून चालायला लागली. ओठ हलत होते. शिरवळपाशी तिचं बोट थांबलं. चुलत्यांच्या तुकड्यात तिथं एक ओढा काढून सोडून दिला होता. तिच्या तुकड्यात हमरस्त्याच्या पलीकडून एक ओढा सुरू झाला होता. इतके दिवस ते दोन वेगळ्या कागदांवर, दोन वेगळ्या मापांत होते. आता ते समोरासमोर होते.

"ह्यो त्योच की," आत्ती म्हणाली.

"मधी रस्ता हाय," भाऊ म्हणाला.

"रस्त्याखालनं पाणी जातंय न्हवं?"

"मोरी असंल. मेंढरू जाईल का त्यातनं? अंधार असतोय. दादा, तूच सांग हिला."

 भाऊ बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "ह्या सालापुरतं. न्हाई जमलं तर तिथंच, शिरवळच्या बाजारात इकून येणार."

भावानं कळप पुढे तीन-चार वर्षांनी विकलाच. मुलांना शाळा होत्या, घाटात रान उरलं नव्हतं. आत्ती त्याआधीच गेली होती. सर निवृत्त होऊन आटपाडीला गेले, मी लग्न होऊन दुसऱ्या गावी. तो नकाशा एका मोठ्या कागदावर छापून त्यांनी यांत्रिकीच्या वर्गात लावला होता. नंतर आलेल्या कुणीतरी तो कसल्यातरी धरणाचा असेल म्हणून काढून ठेवला, असं ऐकलं. हे सगळं मला माहीत आहे. पण त्यांची आठवण निघाली की मला हे काही आठवत नाही. त्या वर्षीची भाऊबीज आठवते.

मी ओवाळायला मामेभावाकडे शिरवळला गेले होते. सरांनी दिवाळीच्या सुट्टीत कळप गाठला होता आणि कुठल्यातरी गावातून कारखान्यात फोन करून निरोप ठेवला होता, की सकाळी ओढ्यापाशी या. मी गेले. दाट धुकं. हमरस्त्यावरून ट्रक जात होते ते दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. दोन कुंपणांच्या मधून तो ओढा येत होता आणि रस्त्याखाली दगडी मोरीचं काळं तोंड होतं. मग धुक्यातून आधी घंटा ऐकू आल्या, मग वास आला, मग मेंढरं आली. मेंढरं म्हणजे धुकंच घट्ट होऊन चालत यावं तशी. मागून घोंगडीवाले दोन भाऊ आणि त्यांच्यामागं वाकलेली आत्ती. सरांची दाढी वाढली होती. त्यांनी मला बघितलं आणि ओळख पटायला क्षणभर वेळ लागला.

मोरीच्या तोंडाशी येऊन कळप थांबला. पाणी घोट्याएवढंच होतं, पण आत मिट्ट काळोख. भावानं म्होरक्या मेंढराला ढकललं, ओढलं, ते चारी पाय रोवून उभं. मागची मेंढरं रेटायला लागली, काही कुंपणाकडे, काही वर रस्त्याकडे चढायला लागली. वरून एक ट्रक घरघरत गेला. भाऊ ओरडला, "दादा, सांगितलं हुतं मी! वर गेली तर सगळी जात्यात!" सर हात पसरून चढावर उभे राहिले. मीही ओढणी पसरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. 

तेवढ्यात आत्तीनं लुगडं खोचलं, एक कोकरू काखेत घेतलं आणि वाकून मोरीत शिरली. क्षणात दिसेनाशी झाली. आतून तिचा आवाज येत राहिला, जीभ टाळ्याला लावून काढलेला तो मेंढरांना बोलावण्याचा आवाज, दगडांवर आपटून मोठा होणारा. मग तो लहान झाला. मग बंदच झाला. आम्ही सगळे तसेच उभे.  मग रस्त्याच्या पलीकडून, धुक्याच्या मागून, कोकरू ओरडलं.

त्याच्या आईनं मान वर केली आणि पाण्यात उडी घेतली. मग दुसरी. मग कळपच्या कळप त्या काळ्या तोंडात वाहून गेल्यासारखा गेला.

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले तेव्हा आत्ती एका दगडावर बसून लुगडं पिळत होती. तिच्या भोवती मेंढरं अंग झाडत होती. खाली नीरेचं पाणी उजाडत होतं.

"आत्ती," सर म्हणाले. ते मोरीतून सगळ्यांत शेवटी, वाकून बाहेर आले होते, केस भिजलेले. "म्होरं उघडं हाय हे ठावं हुतं तुला?"

"न्हाई," आत्ती म्हणाली.

"मग गं?"

"कुणीतरी म्होरं व्हायाच पायजे हुतं." तिनं कोकरू खाली सोडलं आणि उठून नदीकडे चालायला लागली.